वस्ती कोणाच्या पायांनीं निवडावी?

मुंबईच्या आसऱ्याला बिऱ्हाड न्यावयाचें ठरलें, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा, दुसरा खोल्यांचा, आणि तिसरा कचेरीला पोंचावयास किती वेळ लागेल याचा. वस्ती कशी आहे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटीं येतो. कित्येकदां तर सामानाची गाडी रिकामी करून परत पाठविल्यावर येतो. आज मला या मागें राहिलेल्या प्रश्नाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. मी गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें पनवेलीस राहतों. कोंकणांतले, घाटावरचे, आणि अलीकडे खुद्द मुंबईंतलेहि आप्तस्नेही इकडे घर पाहावयास येतात आणि वाटेंत माझ्याकडे चहाला थांबतात. चहा होतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "पनवेलीकडे घर घ्यावें म्हणतों, कोठें घ्यावें?" पूर्वीं मी या प्रश्नाला चटकन् उत्तर देत असें. आतां देत नाहीं. कां देत नाहीं, तेंच सांगावयाचें आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांपुढें हा प्रश्न फारसा उभाच राहत नसे. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा तरुण गिरणींत काम धरावयास मुंबईस येई, तेव्हां त्याच्या खिशांत गांवच्या कोणाचा तरी पत्ता असे. गांवकऱ्यांनीं मिळून भाड्यानें घेतलेली खोली परळांत असली तर तो परळकर होई, लालबागेंत असली तर लालबागकर. माणूस वस्ती निवडीत नसे. वस्तीच माणसाला निवडीत असे. त्यांत गैरसोय पुष्कळ होती, पण एक मोठी सोयहि होती: आजारी पडल्यास पेज करून देणारें माणूस ओळखीचें असे. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्या ट्रस्टानें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व भूखंड आंखून नव्या वसाहतींस जागा करून दिली. कोठें राहावें याचा विचार करण्याची मुभा पांढरपेशा कुटुंबांना अशा वसाहतींमुळें मिळूं लागली. मुभा मिळाली, तशी चूक करण्याची सोयहि झाली.

पनवेलची गोष्ट थोडी निराळी. हें गांव जुन्या काळीं राहण्यापेक्षां उतरण्याचें म्हणून अधिक ठाऊक होतें. मुंबईहून होडीनें यावें, पनवेलच्या बंदरांत उतरावें, आणि पुढें गाडी किंवा पालखी करून बोरघाटानें पुण्यास जावें, असा परिपाठ होता. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाला आणि येथली वर्दळ वाढली. बैलगाडीचीं चाकें करणारे पनवेलचे कारागीर नांवाजले गेले. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली. महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. मग १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली, उतारूंची वाट बदलली, आणि पनवेल आपल्या तळ्यांच्या काठीं स्वस्थ बसलें. वडाळे तलाव, कृष्णाळे तलाव, देवाळे तलाव, इस्राएल तलाव. त्यांच्या आसपास लाईन आळी, टपाल नाका, कोळीवाडा, पटेल मोहल्ला. देऊळ, मशीद आणि बेने इस्राएल लोकांचें प्रार्थनामंदिर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर.

त्या स्वस्थपणाचा शेवट १९७० सालीं झाला. त्या वर्षीं सिडको महामंडळ स्थापन झालें, आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचें काम त्याच्याकडे आलें. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें आणि सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश या योजनेंत आला. भाताचीं खाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. जमिनीच्या मोबदल्यासाठीं जो लढा झाला, त्यांत जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यांतूनच, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यांत साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस देण्याचें तत्त्व पुढें मान्य झालें. आपण ज्याला "सेक्टर अमुक, भूखंड तमुक" म्हणतों, त्याच्या खालीं कोणाचें तरी खाचर आहे. नव्या रहिवाशानें हें कृतज्ञतेनें ध्यानांत ठेवावें. आणि पावसाळ्यांत पाणी कोठें साचतें हें कळण्यासाठींहि ध्यानांत ठेवावें.

१९९८ सालीं हार्बर मार्गाची लोकल पनवेलीपर्यंत आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका झाली, आणि जुनें पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठें, खारघर, तळोजें या वसाहती व त्यांच्याबरोबर २९ गांवें एका नांवाखालीं आलीं. म्हणून आज कोणी "पनवेलीस घर घेतों" असें म्हणाला, तर त्यानें अजून कांहींच सांगितलेलें नसतें.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. १९९९ सालीं मीं येथें घर घेतलें. लोकल नुकतीच आली होती आणि माझी कचेरी मुंबईंत फोर्टांत होती. दोन घरें पसंतीस उतरलीं. एक बाजारापासून चार पावलांवर, दोन लहान खोल्यांचें. दुसरें महामार्गाच्या पलीकडे, नव्या वसाहतीच्या अगदीं टोकाला, तीन खोल्यांचें, दोन्ही बाजूंनीं वारा. आणि किंमत तीच. मीं दुसरें घेतलें. कोणीहि तेंच घेतलें असतें. वडील तेव्हां बहात्तर वर्षांचे होते. गांवीं ते रोज सकाळीं देवळांत जात, तेथून वाचनालयांत जाऊन वर्तमानपत्र वाचीत, येतांना भाजी आणीत, आणि वाटेंत निदान दहा माणसांशीं बोलत. नव्या घरांत मीं त्यांना सर्वांत मोठी खोली दिली. पण देऊळ, वाचनालय, भाजी, सारें महामार्गाच्या पलीकडे. तो रस्ता त्यांनीं दोन वेळां ओलांडला. तिसऱ्या वेळीं एका मालमोटारीनें इतक्या जवळून भोंगा वाजविला, कीं ते अर्ध्यांतून परत आले. पुन्हां गेले नाहींत.

मी सकाळीं साडेसातास बाहेर पडें आणि रात्रीं आठास घरीं येईं. मधल्या बारा तासांत ते काय करतात, हें मीं कधीं विचारलें नाहीं. एका रविवारीं पाहुणे आले होते आणि घराची वाखाणणी चालली होती. वडील खिडकीपाशीं बसले होते. ते म्हणाले, "घर चांगलेंच आहे. गांव तेवढें घ्यावयाचें राहिलें." पाहुणे हंसले. मीहि हंसलों.

तीन वर्षांनीं ते वारले. वय झालें होतें. दोष घराचा नव्हता. परंतु त्यांच्या आयुष्याचीं शेवटचीं तीन वर्षें त्या खिडकीपाशीं गेलीं, आणि ती खिडकी मीं निवडलेली होती. पुढें मीं तें घर विकलें आणि जुन्या पनवेलींत लहान घरांत राहावयास आलों. ज्यांच्यासाठीं यावयाचें, ते तेव्हां नव्हते.

गेल्या हिवाळ्यांत माझा भाचा घर पाहावयास आला. त्याची नोकरी मुंबईंत, त्याच्या पत्नीची बेलापुरास, मुलगी आठ वर्षांची; आणि माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, चिपळुणचें घर बंद करून त्यांच्याकडे कायमची येणार होती. भाच्यानें घर जवळजवळ ठरविलेंच होतें. खारघरच्या दूरच्या सेक्टरांत उंच इमारत, बाविसावा मजला, खालीं पोहण्याचा तलाव. जाहिरातीचा कागद माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, "मामा, मेट्रो झाली, अटल सेतु झाला, विमानतळहि झाला. आणखी काय पाहिजे?"

मीं विचारलें, "विमानानें वर्षांतून किती वेळां जातोस?"

"दोनदां," तो म्हणाला.

"आणि कोथिंबीर किती वेळां लागते?"

तो हंसला. मग मीं तो कागद पालथा केला आणि त्यावर चौघांचीं नांवें लिहावयास सांगितलीं. प्रत्येक जण जागेपणीं किती तास घरांत आणि वस्तींत असणार, तें नांवापुढें मांडावयाचें. भाच्याचे तीन तास निघाले, सुनेचे पांच, मुलीचे आठ आणि आईचे चौदा. भाचा त्या आंकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. ज्याचे तास तीन, तो घर निवडीत होता. आणि जिचे तास चौदा, तिला अजून कोणी विचारलेंहि नव्हतें.

श्रोतेहो, मला जें एक सांगावयाचें आहे तें हेंच. मिळवत्याचें घड्याळ पाहून वस्ती निवडूं नये. जो तींत सर्वांत अधिक वेळ राहणार, त्याच्या पायांनीं ती निवडावी. घरांत म्हातारें माणूस असेल तर त्याच्या पायांनीं, नसेल तर मुलाच्या, तेंहि नसेल तर दिवसभर घर सांभाळणाऱ्याच्या. मिळवत्याची गैरसोय मोजतां येते. तिला गाडी पकडल्यापासून उतरेपर्यंतची हद्द असते. घरीं राहणाऱ्याच्या गैरसोयीला अशी हद्द नसते. ती दिवसभराची असते, आणि पुष्कळदां ती बोलून दाखविलीहि जात नाहीं.

मीं बहिणीला पंधरा दिवसांसाठीं बोलावून घेतलें, आणि आम्ही वसाहती पाहावयास निघालों. नियम दोनच ठेवले. पहिला, रविवारीं पाहावयाचें नाहीं. रविवारीं सारीच वस्ती न्हाऊन-माखून बसलेली असते. सोमवारीं सकाळीं साडेआठास आणि रात्रीं नवास ती कशी दिसते, तें पाहावयाचें. दुसरा नियम असा, कीं इमारतीच्या दारापासून भाजी, औषधाचें दुकान, बसावयाची जागा आणि स्टेशन या चार ठिकाणांपर्यंत बहिणीनें स्वतः चालत जावयाचें. रिक्षा करावयाची नाहीं.

आरंभ खारघरापासून केला, कारण भाच्याचें मन तेथें होतें. खारघर सुंदर आहे, यांत शंका नाहीं. पाठीशीं डोंगर, पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा, रुंद रस्ते, सेंट्रल पार्कासारखें विस्तीर्ण उद्यान, शाळा-महाविद्यालयें हवीं तितकीं. स्टेशनाजवळच्या सेक्टरांत सारें हाताशीं आहे. पण वसाहत लांब पसरलेली, आणि भाच्याचें घर तिच्या दूरच्या टोकाला. बहीण बाविसाव्या मजल्याच्या सज्जांत उभी राहिली, खालीं पाहिलें आणि म्हणाली, "दादा, देखावा छान आहे. पण इथून हाक कोणाला मारूं?"

त्याच बाजूला पुढें तळोजें आहे. तेथें घरें त्या मानानें स्वस्त, आणि पेंधरपर्यंत मेट्रो झाल्यापासून जाण्यायेण्याची सोय वाढली आहे. ज्याची मिळकत बेताची आणि ज्याला स्वतःचें छप्पर हवें आहे, त्यानें तळोज्याकडे नाक मुरडूं नये. मात्र औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळें रात्रीं वारा फिरला म्हणजे वास येतो. तेव्हां तेथें जाणाऱ्यानें एकदां तरी रात्रीं दहानंतर जाऊन श्वास घेऊन पाहावा.

कामोठ्याचें रूप निराळें. मानसरोवर स्टेशन जवळ, इमारतीच्या खालींच किराणा, भाजी, पिठाची गिरणी, डॉक्टर. घाटावरच्या मंडळींचा भरणा असल्यामुळें सणावाराला गजबज असते. बहिणीला तेथील माणसें आवडलीं. पण आम्ही पाहिलेल्या घरांत भर दुपारीं दिवा लावावा लागला, कारण इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या. कळंबोलींत मोठमोठे रस्ते एकत्र येतात. पुणें, गोवा, मुंबई, तिन्हीकडे जाण्यास ती सोयीची, आणि ज्याचा व्यवसायच रस्त्यावरचा त्याला उत्तम. पण लोखंड-पोलादाचा बाजार तेथें असल्यानें मालमोटारींची रहदारी फार; ती पाहतांना मला माझे वडील आठवले आणि मी कांहीं न बोलतां पुढें चालूं लागलों.

राहतां राहिलीं जुनें व नवीन पनवेल आणि खांदा वसाहत. जुन्या पनवेलींत मी राहतों, म्हणून त्याचे दोष मला अधिक ठाऊक आहेत. गल्ल्या अरुंद, वाहनांची कोंडी रोजची, आणि चांगलें घर मिळणें कठीण. पण तळ्याकांठीं बसावयास जागा आहे, बाजार आहे, आणि पाय टाकला तेथें ओळख निघते. स्टेशनाच्या पूर्वेचें नवीन पनवेल आणि पश्चिमेची खांदा वसाहत या सिडकोच्या जुन्या वसाहती. तेथें झाडें मोठीं झालीं आहेत, आणि झाड मोठें व्हावयास किती वर्षें लागतात हें जाहिरातींत लिहितां येत नाहीं. दोष असा, कीं कित्येक जुन्या इमारतींना उद्वाहक नाहीं, गळती आहे, आणि पुनर्बांधणी निघाल्यास रहिवाशांना घर सोडून दुसरीकडे राहावें लागतें. म्हणून तेथें पहिल्या मजल्यावरचें घर पाहावें आणि सोसायटीच्या सभेंत काय चाललें आहे तें आधीं विचारावें.

पायांनंतर पाणी. पाण्याची चौकशी चैत्र-वैशाखांत करावी आणि जमिनीची आषाढांत. पनवेल शहराचें स्वतःचें देहरंग धरण आहे, पण तें लहान. उन्हाळ्यांत त्याचा तळ दिसूं लागतो, आणि उरलेली गरज बाहेरून पाणी घेऊन भागवावी लागते. नव्या वसाहतींनाहि पाणी दुरून येतें आणि मे महिन्यांत कोठें ना कोठें ओरड असते. दलाल सांगतो, पाणी चोवीस तास आहे. इमारतीचा पहारेकरी सांगतो, टँकर आठवड्यांतून किती येतात. दलालाचें ऐकून घ्यावें आणि पहारेकऱ्याला विचारावें.

जमिनीचें तसेंच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबई विसरलेली नाहीं; पनवेलहि विसरलेलें नाहीं. त्या दिवशीं गाढी नदीचें पाणी वस्तींत शिरलें होतें. इकडच्या कांहीं वसाहती उधाणाच्या पातळीहून सखल जागीं आहेत, म्हणूनच पावसाचें पाणी थोपवून धरण्यासाठीं धारण तलाव केलेले आहेत. सपाट, फरशी घातलेल्या रस्त्यावर उभें राहून हा उंचसखलपणा डोळ्यांना दिसत नाहीं. तो आम्हांला दिसला, तो असा. एक घर बहिणीच्या चारहि कसोट्यांना उतरलें होतें. भाचा बयाणा द्यावयास निघाला होता. बहीण कोपऱ्यावर भाजी घेत बसली. भाजीवाली जवळच्याच गांवची. बोलतां बोलतां ती म्हणाली, "ताई, त्या बाजूला घेऊं नका. आमचंच खाचर होतं तिथं. सव्वीस जुलैला पाणी इथवर आलेलं," आणि तिनें हात कमरेला लावून दाखविला. जी गोष्ट नकाशावर नव्हती, ती मेथीच्या दोन जुड्यांबरोबर मिळाली. आणि ती मिळाली बहिणीला, भाच्याला नव्हे; कारण भाजीवालीशीं बोलत बसावयास वेळ तिच्याजवळ होता.

आतां आश्वासनांविषयीं. इकडे घर विकतांना जें आहे त्याहून जें होणार आहे त्याचें वर्णन अधिक होतें. नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गाचें भूमिपूजन १ मे २०११ रोजीं झालें आणि पहिली गाडी १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं धांवली. भूमिपूजनाच्या दिवशीं जन्मलेलें मूल तेव्हां बारा वर्षांचें झालें होतें. विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्यें झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं. त्याच्या वार्ता तर त्याच्याहि कितीतरी वर्षें आधींपासून चालू होत्या, आणि त्याच्या जागेसाठीं दहा गांवांना उठावें लागलें. कामें झालीं, हें खरें आणि आनंदाचें. आधीं घर घेतलेल्यांना त्यांचा लाभहि झाला. घर ठेव म्हणून घ्यावयाचें असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. पण ज्याला उद्यांपासून राहावयाचें आहे, त्यानें सर्व "होणार" बाजूला काढून ठेवावेत आणि उरलेल्या "आहे" मध्यें आपला संसार बसतो का, तें पाहावें.

कागदपत्रांविषयीं दोनच वाक्यें. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नवी असल्यास महारेराकडे तिची नोंद आहे का, सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंड असेल तर हस्तांतरास परवानगी व शुल्क काय लागेल, आणि मागील मालमत्ता कर कोणी भरावयाचा, एवढें वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत. गांवठाणांतील स्वस्त घर पाहतांना तर ही चौकशी दुप्पट करावी. घर उभें असणें निराळें आणि कागदावर असणें निराळें.

आणि या सर्वांहून एक सोपी युक्ति: शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वीं अकरा महिने भाड्यानें राहून पाहावें. अकरा महिन्यांत एक उन्हाळा बसतो आणि एक पावसाळा बसतो. चुकलें तर सामान हलविण्याचा खर्च जातो. वीस वर्षांचे हप्ते जात नाहींत.

भाच्यानें शेवटीं तेंच केलें. नवीन पनवेलींत, स्टेशन आणि बाजार दोन्ही पायीं गांठतां येतील अशा जागीं, जुन्या इमारतीचा पहिला मजला त्यानें भाड्यानें घेतला. त्याला कांहीं सोडावें लागलें, हें लपवीत नाहीं. पोहण्याचा तलाव गेला, डोंगराचा देखावा गेला, आणि मुंबईचा प्रवास खारघरापेक्षां तीन स्टेशनांनीं वाढला. पनवेलीहून मुंबईस सव्वा तासाहून अधिक लागतात. त्याबद्दल तो कधीं कधीं कुरकुरतो. पण लोकल पनवेलीहूनच सुटत असल्यामुळें सकाळीं त्याला बसावयास मिळतें, असेंहि तो स्वतःच सांगतो. सून चौथ्या स्टेशनावर, बेलापुरास, उतरते. मुलगी खालच्या अंगणांत खेळते आणि आजीच्या हाकेला येते.

माझी चूक याने भरून निघाली असें मी म्हणत नाहीं. तशी ती भरून निघत नसते. पण ज्यांच्या घरांत आज घराची बोलणीं चाललीं असतील, त्यांना माझी एवढीच विनंति आहे: जाहिरातीचा कागद पालथा करा, त्यावर घरांतल्या सर्वांचीं नांवें लिहा, आणि प्रत्येकाचे तास मांडा. ज्याचा आंकडा सर्वांत मोठा, त्याला बरोबर घेऊन सोमवारीं सकाळीं बाहेर पडा.

मी हल्लीं आठवड्यांतून दोनदां बहिणीकडे जातों, आणि आम्ही दोघें भाजी आणावयास निघतों. तिच्या दारापासून बाजार पांच मिनिटांवर आहे. मी एकटा गेलों तर पांचच मिनिटें लागतात. बहिणीबरोबर गेलों, तर पाऊण तास लागतो. वाटेंत तिला इतकीं माणसें भेटतात.